क्रोमियमचा कोड सर्वांसाठी खुला आहे. निर्णय कोणाच्या हाती आहेत?

कृष्णाघाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

यंदा आमच्या सांगलीतील महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत कोणते ब्राउझर ठेवावेत यावर विभागात चर्चा निघाली, तेव्हा एका सहकाऱ्यांनी विषय दोन वाक्यांत निकालात काढला. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह हे सगळे ब्राउझर आतून क्रोमियमच, म्हणजे गूगलचा खुल्या कोडचा ब्राउझर-प्रकल्पच, आहेत. आणि क्रोमियम मुक्त स्रोत असल्यामुळे कोणा एका कंपनीच्या वर्चस्वाचा प्रश्नच उद्भवत नाही. यातले पहिले वाक्य खरे आहे, पण दुसरे त्यातून निघत नाही, असे माझे मत आहे. ते सविस्तर मांडतो. ज्यांचा या क्षेत्राशी रोजचा संबंध आहे त्यांनी जरूर खोडून काढावे.

आज जगातील बहुसंख्य ब्राउझर ज्या कोडवर चालतात, त्याचे मूळ कोणत्याही बड्या कंपनीत नाही. केडीई या मुक्त स्रोत डेस्कटॉप प्रकल्पातील मंडळींनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस केएचटीएमएल हे इंजिन, म्हणजे पानाचा कोड वाचून ते पडद्यावर मांडणारा ब्राउझरचा गाभा, लिहिले. ॲपलने ते उचलून जानेवारी २००३ मध्ये सफारी जाहीर केला आणि त्या शाखेला वेबकिट हे नाव मिळाले. परवाना एलजीपीएल असल्यामुळे बदललेला कोड प्रसिद्ध करणे ॲपलला भाग होते आणि तो प्रसिद्ध होतही होता. परंतु बरेच बदल एकत्र बांधून भल्यामोठ्या गाठोड्याच्या रूपात बाहेर येत, कोणता बदल कशासाठी केला याची नोंद सोबत नसे, आणि त्यामुळे केडीईच्या लोकांना तो कोड आपल्या मूळ इंजिनात परत बसवणे अतिशय जिकिरीचे होई. परवान्याची अट पूर्ण झाली, उपयोग मात्र फारसा झाला नाही. बरीच जाहीर कुरबूर झाल्यानंतर जून २००५ मध्ये ॲपलने वेबकिटचे कोडभांडार खुले केले. गूगलने सप्टेंबर २००८ मध्ये क्रोम आणला तो वेबकिटवरच, आणि एप्रिल २०१३ मध्ये वेगळी चूल मांडून त्याचे ब्लिंक केले; क्रोमियमचे इंजिन ते हेच. त्याच वर्षी ऑपेराने आपले प्रेस्टो इंजिन सोडले. डिसेंबर २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही स्वतःचे इंजिन बाजूला ठेवून क्रोमियम पत्करत असल्याचे जाहीर केले. खुद्द केडीईचा कॉन्करर हा ब्राउझर आज क्यूटी वेबइंजिनवर, म्हणजे पर्यायाने क्रोमियमवरच चालतो, यावर वेगळे भाष्य करण्याची गरज नाही.

आता निर्णयांकडे वळू. २०२४ मध्ये क्रोमियममध्ये झालेल्या बदलांपैकी सुमारे ९४ टक्के बदल गूगलच्या लोकांनी केलेले होते, आणि हा आकडा गूगलनेच दिलेला आहे. जाहिरात रोखणाऱ्या विस्तारकांचे, म्हणजे एक्स्टेन्शनचे, उदाहरण पाहा. जुन्या पद्धतीत पान उघडताना जाणारी प्रत्येक विनंती विस्तारकाच्या नजरेखालून जात असे आणि ती जाऊ द्यायची की अडवायची हे तो त्या क्षणी ठरवू शकत असे. मॅनिफेस्ट व्ही३ या नव्या रचनेत विस्तारकाने नियमांची यादी आधीच ब्राउझरकडे द्यायची आणि अडवण्याचे काम ब्राउझरने करायचे, तेही यादीच्या ठरवून दिलेल्या मर्यादेत. सुरक्षितता आणि वेग ही गूगलने दिलेली कारणे निव्वळ सबबी आहेत असे मी म्हणणार नाही, कारण सर्व रहदारी वाचू शकणाऱ्या विस्तारकांचा गैरवापर खरोखरच झालेला आहे. परंतु ज्या कंपनीचे सुमारे तीन चतुर्थांश उत्पन्न जाहिरातींतून येते, तिनेच जाहिरात रोखण्याच्या साधनांची मर्यादा ठरवावी, यात हितसंबंधांचा संघर्ष उघड आहे. २०१८ च्या अखेरीस प्रस्ताव पुढे आल्यापासून विरोध होत राहिला, काही तपशील सैल करण्यात आले, आणि तरीही यूब्लॉक ओरिजिन हा लोकप्रिय विस्तारक २०२५ मध्ये क्रोममधून पूर्णपणे बाद झाला. स्वतःचे वेगळे इंजिन असलेल्या फायरफॉक्समध्ये तो आजही चालतो.

यावर नेहमीचे उत्तर असे, की निर्णय पटत नसेल तर कोड घ्या आणि आपली शाखा काढा. कोट्यवधी ओळींचा कोड उतरवून घेणे सोपे आहे. दर काही आठवड्यांनी येणारी नवी आवृत्ती आणि त्याहून अधिक वेळा येणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या आपल्या बदलांशी जुळवत राहणे हे मोठ्या पगारी चमूचे काम आहे. मूळ प्रकल्पाने एखादी सोय काढून टाकली, की ती शाखेत टिकवण्याचा खर्च दर आवृत्तीला वाढतो. परवान्याने दिलेला हक्क कागदावर पूर्ण आहे, तो बजावण्याची ऐपत मात्र जगात बोटांवर मोजण्याइतक्या संस्थांकडे आहे. माझा मुद्दा एवढाच आहे.

---

आयर्विन_पूल

सर, आपण मांडलेला इतिहास मान्य आहे. मी मूळचा सांगलीचाच, सध्या पुण्यात वेबसाठी सॉफ्टवेअर लिहिण्याच्या नोकरीत आहे, म्हणून दुसरी बाजू मांडणे कर्तव्य समजतो.

ब्राउझर ही आता एखाद्या कार्यप्रणालीइतकी अवाढव्य वस्तू झाली आहे. ती अनोळखी माणसाने लिहिलेला कोड आपल्या यंत्रावर क्षणोक्षणी चालवते आणि तरीही आपल्या बँकेचे व्यवहार सुरक्षित ठेवते. हे स्वयंसेवकांच्या रविवारच्या सवडीवर होणारे काम नाही. प्रत्येक संकेतस्थळ स्वतंत्र प्रक्रियेत कोंडून ठेवणे, त्रुटी शोधणाऱ्यांना बक्षिसे देणे, हजारो यंत्रांवर चाचण्या चालवणे, यासाठी कोणी तरी वर्षानुवर्षे पैसे मोजले म्हणून आपण निर्धास्त आहोत.

दुसरे असे, की कंपन्यांचा पैसा आला म्हणजे हेतू वाईटच असतो असे नाही. पानाची मांडणी चौकटींत करण्याची सीएसएस ग्रिड ही सोय ब्लिंक आणि वेबकिटमध्ये लिहिली ती स्पेनमधील इगालिया या कामगारांच्याच मालकीच्या सहकारी संस्थेने, आणि त्यासाठी पैसे दिले ब्लूमबर्गने, कारण त्यांना ती त्यांच्या स्वतःच्या कामासाठी हवी होती. मार्च २०१७ मध्ये ती क्रोम आणि फायरफॉक्समध्ये आली आणि आज आम्ही सगळे ती फुकट वापरतो.

तिसरा मुद्दा थोडा कटू आहे. ज्या फायरफॉक्सचा आपण पर्याय म्हणून उल्लेख केला, तो कोणाच्या पैशांवर उभा आहे? २०२२ मध्ये तो बनवणाऱ्या मोझिलाचे एकूण उत्पन्न सुमारे ५९ कोटी डॉलर होते आणि त्यांपैकी सुमारे ५१ कोटी प्रामुख्याने शोधयंत्र ब्राउझरमध्ये आधीपासून ठेवण्याच्या करारांतून आले होते, त्यातही प्रमुख वाटा गूगलचा. २०१४ मध्ये त्यांनी याहूशी करार करून पाहिला आणि २०१७ मध्ये ते पुन्हा गूगलकडे आले. गूगलविरुद्धच्या अमेरिकेतील मक्तेदारीच्या खटल्यात मे २०२५ मध्ये मोझिलाच्या वित्तप्रमुखांनीच साक्षीत सांगितले, की हे पैसे थांबले तर फायरफॉक्स बंद पडण्याचा धोका आहे. तेव्हा प्रश्न क्रोमियमपुरता नाही. संपूर्ण ब्राउझर व्यवसायाचा खर्च कोण उचलतो, हा आहे.

---

गणेशदुर्ग

मी साखर कारखान्याच्या लेखा विभागातून निवृत्त झालेला माणूस असल्यामुळे मला कोडमधले काही कळत नाही, पण कारभारातले थोडेफार कळते. आमच्याकडे सभासदाचे शेअर कितीही असोत, मत एकच. वार्षिक सर्वसाधारण सभेत साधा सभासद उठून अध्यक्षांना ताळेबंदावर प्रश्न विचारू शकतो. सहकारात पुढे काय काय झाले ते आपल्या जिल्ह्याला सांगायला नको, तरीही हक्क म्हणून ती तरतूद आहे. या क्रोमियम प्रकल्पात असे मत कोणाला असते? नवी सोय आणायची किंवा जुनी काढायची, यावर सही नेमकी कोणाची होते? कृपया कोणी तरी हे स्पष्ट करावे.

---

कृष्णाघाट

काका, आपण नेमक्या ठिकाणी बोट ठेवले आहे.

ब्लिंकमध्ये नवी सोय आणायची असल्यास तिचा प्रस्ताव जाहीर मेलिंग लिस्टवर मांडावा लागतो आणि 'एपीआय ओनर्स' म्हणून नेमलेल्या मंडळींपैकी तिघांची संमती मिळवावी लागते. इतर ब्राउझरचे त्यावर काय मत आहे, हेही प्रस्तावात नोंदवावे लागते. हे सर्व कोणीही वाचू शकतो, आणि त्या दृष्टीने प्रक्रिया बऱ्यापैकी पारदर्शक आहे. या ओनर्सच्या गटात गूगलबाहेरचेही काही लोक आहेत, पण बहुमत गूगलच्या नोकरीतील लोकांचे आहे. कोडच्या प्रत्येक भागाला जबाबदार व्यक्ती नेमलेल्या असतात आणि त्यांच्या संमतीशिवाय बदल आत जात नाही. बाहेरचा माणूस चांगले काम करत राहिला तर त्याला हे अधिकार मिळू शकतात. तो मार्ग बंद नाही. मात्र कारखान्याच्या भाषेत सांगायचे तर येथे सभासद नाहीत, ताळेबंद मांडला जात नाही, आणि सभा जाहीर असली तरी मतदान ठरावीक टेबलावरच होते. आपल्याला यंत्रसामग्रीचे नकाशे फुकट मिळतात, दुसरा कारखाना काढण्याची मोकळीकही मिळते. या कारखान्यात मत मात्र मिळत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये लिनक्स फाउंडेशनने क्रोमियमवर आधारित ब्राउझरांच्या समर्थनासाठी एक निधी स्थापन केला. गूगल, मायक्रोसॉफ्ट, मेटा आणि ऑपेरा त्यात सहभागी आहेत. पैसा अनेकांकडून यावा हे स्वागतार्ह आहे, पण त्यामुळे क्रोमियमचा ताबा फाउंडेशनकडे गेलेला नाही, हे लक्षात घ्यावे.

आयर्विन_पूल यांनी खटल्याचा उल्लेख केला म्हणून जोडतो. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी शोधयंत्राच्या बाजारात गूगलने मक्तेदारी बेकायदेशीरपणे टिकवल्याचा निकाल दिला. आपले शोधयंत्र ब्राउझर आणि फोनमध्ये आधीपासून बसवलेले असावे यासाठी गूगलने २०२१ या एका वर्षात २,६३० कोटी डॉलर मोजल्याचे त्यात समोर आले. सरकारची मागणी क्रोम विकायला लावण्याची होती. सप्टेंबर २०२५ च्या आदेशात ती फेटाळली गेली. केवळ आपलेच शोधयंत्र ठेवण्याची सक्ती करणारे करार करण्यास मनाई झाली, पैसे देण्यास मात्र नाही. मोझिलाने त्या दिवशी नक्कीच सुस्कारा सोडला असेल, आणि परिस्थितीतली खरी गोम तीच आहे.

---

सेवाकेंद्र_तासगाव

नमस्कार. मी नागरी सेवा केंद्र चालवतो. दाखले, निविदा, परतावे भरणे, हे रोजचे काम. आपली चर्चा वाचली आणि वाटले की याचा परिणाम आमच्या टेबलावर कसा दिसतो तेही लिहावे.

पूर्वी डिजिटल सहीचे टोकन वापरायचे तर इंटरनेट एक्सप्लोरर किंवा जावा ॲपलेटशिवाय गत्यंतर नव्हते. २०१५ मध्ये क्रोमने आणि २०१७ मध्ये फायरफॉक्सने तसल्या प्लगइनचा, म्हणजे ब्राउझरला जोडल्या जाणाऱ्या बाहेरच्या प्रोग्रॅमचा, आधार काढला, तेव्हा निविदा भरणाऱ्यांची तारांबळ उडाली. कित्येकांनी खास सहीसाठी म्हणून जुन्या आवृत्तीचा ब्राउझर असलेला एक संगणक बाजूला राखून ठेवला होता. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते प्लगइन जायलाच हवे होते हे मला मान्य आहे; पण ते कधी जाणार हे ठरवणारे अमेरिकेत आणि मुदतीत निविदा भरणारे तासगावात, असा तो प्रकार होता.

आता उलटे झाले आहे. एका शासकीय संकेतस्थळावर फायरफॉक्सने गेलो की 'आपला ब्राउझर समर्थित नाही, कृपया क्रोम वापरा' अशी पाटी येते. माझ्या पुतण्याने फायरफॉक्सला 'मी क्रोम आहे' असे सांगायला लावले, म्हणजे यूजर एजंट बदलला, आणि तेच पान, तोच अर्ज, तीच सही विनातक्रार चालली. म्हणजे अडचण तांत्रिक नव्हतीच. चाचणी फक्त क्रोमवर घेतली आणि बाकीच्यांना दार लावून टाकले. आमच्यासारख्यांनी मग दोन दोन ब्राउझर सांभाळण्यापेक्षा एकच क्रोम ठेवणे साहजिक आहे.

---

वारणाकाठ

सेवाकेंद्र दादांनी सहीचा विषय काढलाच आहे, म्हणून दोन गोष्टी सांगते. सॉफ्टवेअरच्या मराठीकरणाचे काम मी हौसेने करते, त्यामुळे या भागाशी थोडा परिचय आहे.

पहिली गोष्ट विश्वासाच्या यादीची. संकेतस्थळाची ओळख पटवणारे प्रमाणपत्र खरे मानायचे की नाही, हे ब्राउझर किंवा कार्यप्रणालीमध्ये असलेल्या मूळ प्रमाणपत्रांच्या यादीवरून ठरते. जुलै २०१४ मध्ये आपल्या एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणकीय संस्थेच्या प्रमाणपत्र यंत्रणेतून गूगलच्या डोमेनसाठी अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघडकीस आले. भारताचे मूळ प्रमाणपत्र तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या यादीत होते, त्यामुळे विंडोजवरील बहुतेक प्रोग्रॅम ती प्रमाणपत्रे खरी मानत. मोझिलाची यादी स्वतंत्र होती आणि तीत ते नव्हते, म्हणून फायरफॉक्स या प्रकरणातून वाचला. गूगलने त्यानंतर क्रोममध्ये भारतीय यंत्रणेवरचा विश्वास ठरावीक सात डोमेनपुरता मर्यादित केला. चूक आपल्याकडची होती आणि कारवाई योग्यच होती. परंतु एका सार्वभौम देशाच्या प्रमाणपत्र यंत्रणेची व्याप्ती एका कंपनीने एका आवृत्तीत आखून दिली, हेही त्याबरोबर घडले.

केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये स्वदेशी ब्राउझर विकसित करण्याची स्पर्धा जाहीर केली, तिच्यात भारताचे मूळ प्रमाणपत्र अंगभूत असावे ही अट होती, ती याच पार्श्वभूमीवर. मार्च २०२५ मध्ये झोहोला एक कोटी रुपयांचे पहिले पारितोषिक मिळाले. झोहोचा उला हा ब्राउझर क्रोमियमवरच उभा आहे. याआधी २०१० मध्ये बंगळुरूहून एपिक हा ब्राउझर आला होता. तो सुरुवातीला मोझिलाच्या कोडवर होता आणि २०१३ मध्ये तोही क्रोमियमवर गेला. मी यांना दोष देत नाही. नवे इंजिन लिहिण्याचा खर्च पाहता त्यांच्यापुढे दुसरा व्यवहार्य मार्ग नव्हता. मात्र 'स्वदेशी' असे म्हणताना इंजिनाचे निर्णय कोठे होतात, हे ग्राहकाला सांगितले पाहिजे.

दुसरी गोष्ट देवनागरीची, आणि येथे मी आयर्विन_पूल यांच्या बाजूने बोलणार आहे. क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हींत जोडाक्षरे जुळवण्याचे काम हार्फबझ ही मुक्त स्रोत लायब्ररी करते. रेड हॅट, मोझिला, गूगल अशा कंपन्यांच्या पगारावर असलेल्या लोकांनी ती घडवली. 'दऱ्या', 'वाऱ्या' यांतला ऱ नीट दिसावा, मराठी वळणाचे ल आणि श यावेत, ही आपली गरज ज्या पायावर भागते तो पाया स्वयंसेवकांनी एकट्याने रचलेला नाही. फाँटमध्ये मराठी रूपे असली आणि पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवलेली असली तर दोन्ही ब्राउझर ती दाखवतात. आपल्याकडची असंख्य पाने भाषा इंग्रजी म्हणून नोंदवतात आणि मग हिंदी वळणाचा ल दिसला की आपण ब्राउझरला बोल लावतो.

---

आयर्विन_पूल

ताई, आभार. निष्कर्ष एकतर्फी राहू नये म्हणून मीही एक उदाहरण विरुद्ध बाजूचे देतो. २०२३ मध्ये गूगलमधील काही अभियंत्यांनी 'वेब एन्व्हायरनमेंट इंटेग्रिटी' असा प्रस्ताव मांडला होता. ब्राउझर आणि यंत्र मूळ स्थितीत आहे, त्यात फेरफार केलेला नाही, याची ग्वाही तिसऱ्या पक्षाकडून मिळवून ती संकेतस्थळाला द्यायची, अशी ती कल्पना. ती अमलात आली असती तर सेवाकेंद्र यांच्या पुतण्याची युक्ती कायमची संपली असती, कारण 'मी क्रोम आहे' हे म्हणणे मग पडताळून पाहता आले असते. मोझिलाने जाहीर विरोध केला, इतरांनीही झोड उठवली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्रस्ताव मागे घेतला गेला. स्वतंत्र इंजिन बाळगणारी दुसरी संस्था अस्तित्वात असल्यामुळे विरोधाला वजन आले, हे मी मान्य करतो.

---

तिसरे_वर्ष

सर, मी संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी आहे. सर्व्हो आणि लेडीबर्ड ही नवी इंजिने गूगलवर अवलंबून नाहीत असे वाचले. ती खरोखर पर्याय ठरू शकतील काय? आणि आमच्यासारख्यांनी हात लावायचा झाल्यास कोठून सुरुवात करावी?

---

कृष्णाघाट

सर्व्हो मोझिलामध्ये रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेबरोबर वाढला. त्यातले काही भाग फायरफॉक्समध्ये गेले, पण ऑगस्ट २०२० मध्ये मोझिलाने सुमारे २५० लोकांना कमी केले तेव्हा सर्व्होचा चमूही गेला. प्रकल्प लिनक्स फाउंडेशनकडे सोपवण्यात आला आणि आता इगालियाचे लोक त्यावर प्रामुख्याने काम करतात. लेडीबर्ड अँड्रियास क्लिंग यांनी सेरेनिटीओएस या छंदाच्या प्रकल्पातून सुरू केला आणि २०२४ मध्ये त्यासाठी ना-नफा संस्था स्थापन झाली. गिटहबचे एक संस्थापक ख्रिस वॉनस्ट्रॅथ यांनी तिला दहा लाख डॉलर दिले. शोधयंत्राच्या करारातून पैसे घ्यायचे नाहीत हे त्यांचे धोरण आहे. आमच्या प्रयोगशाळेत रोजच्या वापरासाठी मी यांपैकी एकही आज बसवणार नाही. शिकण्यासाठी मात्र दोन्ही उत्तम आहेत, कारण कोड तुलनेने नवा आहे आणि वाचून समजण्याजोगा आहे.

सुरुवात देवनागरीपासून कर, असे सुचवेन. ताईंनी सांगितलेले ल, श, ऱ, त्याशिवाय परिच्छेदाचे पहिले अक्षर मोठे करताना 'स्त्री' किंवा 'क्षि' तुटते काय, ओळ मोडताना जोडाक्षर फुटते काय, हे तपासणारे छोटेसे पान तयार कर आणि ते क्रोमियम, फायरफॉक्स, सर्व्हो आणि लेडीबर्ड या चारहींत उघडून पाहा. जेथे चुकते तेथे ते पान, अपेक्षित चित्र आणि प्रत्यक्षातील चित्र जोडून त्रुटी नोंदव. अशी नोंद करायला कोणाच्या नोकरीत असावे लागत नाही, आणि मराठी वाचणारा माणूस तपासायला बसलेला नसेल तर ती चूक वर्षानुवर्षे तशीच राहते.

विभागात माझा प्रस्ताव प्रत्येक यंत्रावर क्रोमियमवर्गीय एक आणि फायरफॉक्स, असे दोन ब्राउझर ठेवण्याचा आहे. विद्यार्थ्यांचा प्रकल्प दोन्हींत चालल्याशिवाय गुण द्यायचे नाहीत, यावर सहकाऱ्यांचे मत वळवणे चालू आहे.

---

सेवाकेंद्र_तासगाव

ते 'कृपया क्रोम वापरा' असे सांगणाऱ्या संकेतस्थळाकडे तक्रार पाठवायची माझी तयारी आहे, पण तांत्रिक भाषा जमत नाही. ताई, मसुदा करून देता येईल काय?

---

वारणाकाठ

दादा, एवढे पुरे होईल. वर दिनांक, पानाचा पत्ता आणि पाटीचे छायाचित्र जोडावे.

'महोदय, आपल्या संकेतस्थळावरील अर्जाचे पान फायरफॉक्सच्या अद्ययावत आवृत्तीत उघडल्यास ब्राउझर समर्थित नसल्याची सूचना येऊन पुढील प्रक्रिया थांबते. यूजर एजंट बदलल्यावर त्याच ब्राउझरमध्ये अर्ज भरणे, जोडपत्रे चढवणे आणि डिजिटल सही करणे ही तिन्ही कामे पूर्ण होतात, असे प्रत्यक्ष पडताळणीत आढळले आहे. तरी ब्राउझरच्या नावावरून प्रवेश रोखणारी तपासणी काढून टाकावी, आवश्यक ती सुविधा ब्राउझरमध्ये उपलब्ध आहे किंवा नाही एवढेच तपासावे, आणि केलेल्या कार्यवाहीबाबत लेखी कळवावे, ही विनंती.'